घराण्यात कुणालाच ऑटिझम नाही, मग तो जनुकीय कसा?

‘दोन्हीकडच्या घराण्यांत कुणाला नाही, म्हणजे कारण जनुकीय नाही’ हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी विनाकारण आईच्या संगोपनाला दोष दिला जातो. प्रत्येक बाळात आई-वडिलांच्या डीएनएमध्ये नसलेले साधारण ६०-७० नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी, पण एखादा सीएचडी८ किंवा एससीएन२ए अशा जनुकात पडला, तर गर्भातच मेंदूच्या बाह्यपटलातील चेतापेशींची जडणघडण बदलू शकते. अनेकदा मात्र आई-वडिलांकडून आलेले असंख्य बारीक फरक एकत्र येतात. तेही वरून दिसत नाहीत.

मायक्रोअ‍ॅरे चाचणीत डीएनएचे गळलेले किंवा दुणावलेले मोठे तुकडे कळतात, त्यातल्या एका अक्षराचा बदल नाही. त्यासाठी एक्झोम तपासणी, म्हणजे प्रथिने घडवण्याची माहिती असलेल्या डीएनएच्या भागाचे अक्षरवार वाचन, लागते, शक्यतो आई-वडिलांच्या नमुन्यांसह. तिचा अहवाल कोरा आला, तरी जनुकीय कारण बाद होत नाही.