बारीक दागिना धरायचा कसा: चिखल, राळ, लाख आणि पाचर

सोनारकामाचा इतिहास वाचायला घेतला की भट्टी, खडे, नक्षी, राजेराण्यांचे मुकुट हे सगळं भरभरून मिळतं, पण तो मुकुट घडत असताना नेमका कशात धरला होता याच्यावर फार कमी लोक लिहितात. मला हे कायम खटकत आलंय, कारण बेंचवर बसणाऱ्याचा अर्धा जीव त्यातच जातो. हात दोनच, एकात कानस किंवा छिन्नी, आणि दुसऱ्या हाताच्या बोटात मावेल न मावेल अशी वस्तू. घट्ट दाबली तर सोनंचांदी मऊ असल्याने वाकते नाहीतर ओरखडे पडतात, सैल धरली तर निसटते. आणि धरलं तरी काम झाल्यावर ती वस्तू काही न बिघडता परत सुटली पण पाहिजे ना! माझ्या मते खरा प्रश्न वस्तू परत सुटी करण्याचाच आहे, कायमचं चिकटवून टाकणं काय कुणालाही जमेल. पुढे जी साधनं येतील ती याच नजरेने बघा, की पकडते कशी आणि सोडते कशी.

खूप मागे जाऊ. प्राचीन इजिप्तमध्ये थीब्झला सोबेकहोतेप नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, तिच्यातल्या भिंतीचित्राचा एक तुकडा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, काळ साधारण इ.स.पू. १४००. त्यात कारागीर मण्यांना भोकं पाडताना दिसतात, आणि तेही एकाच धनुष्याच्या दोरीने एकावेळी दोन-तीन गिरमिटं फिरवत. आता विचार करा, एक हात धनुष्य पुढेमागे ओढतोय, दुसरा गिरमिटं वरून दाबून धरतोय, मग मणी कुणी धरलेत? हे मणी ओल्या चिखलात बसवून तो चिखल वाळू देत असावेत असं मानलं जातं, काम झालं की चिखल फोडायचा, मणी धुवायचे, झालं. मला हे फारच आवडतं, कारण पुढच्या साडेतीन हजार वर्षांतली निम्मी साधनं याच कल्पनेवर उभी आहेत: आधी मऊ असलेली वस्तू दागिन्याच्या अंगाला बसू द्यायची, मग ती कडक होऊ द्यायची.

त्यानंतर रवाकाम, म्हणजे सोन्याचे बारीक दाणे दागिन्यावर बसवणं. इ.स.पू. सातव्या शतकातले एट्रुस्कन, म्हणजे प्राचीन इटलीतले दागिने बघितले असतील तर त्यावर सोन्याचे इतके बारीक दाणे असतात की काही ठिकाणी धूळ बसल्यासारखी वाटते. एवढा दाणा चिमट्याने धरून झाळायचा म्हटलं तर फुंकणीच्या पहिल्या झोतातच उडून जाईल, आणि नेहमीची झाळणी (जोड द्यायला वितळवायचा धातू) वापरली तर ती वितळून दाण्यांच्या मधल्या फटी भरून टाकेल. हे जमत कसं असेल यावर कितीतरी वर्षं लोकांनी डोकं खाजवलं, आणि १९३० च्या दशकात एच. ए. पी. लिटलडेल या इंग्रज माणसाने तांब्याचा क्षार आणि डिंक यांची पद्धत मांडली. त्यातली गंमत अशी की जो डिंक दाण्याला जागेवर धरून ठेवतो तोच तापल्यावर जळून कोळसा होतो, तो कोळसा क्षारातून झालेल्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, मागे शुद्ध तांबं उरतं आणि साधारण ८९० अंशांच्या आसपास ते सोन्यात मिसळून दाणा कायमचा बसतो. सोनं स्वतः वितळायला १०६४ अंश लागतात, म्हणजे दाणा गोलच राहतो. धरणारी वस्तूच जोडणारी झाली! अशी पकड मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही.

आता राळ, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने कारागिरीवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, त्यात उठावकामासाठी, म्हणजे पत्रा ठोकून नक्षी वर उठवण्यासाठी, लागणाऱ्या मिश्रणाची कृती दिलीय: वीट किंवा कौल अगदी बारीक कुटायचं, राळ विस्तवावर पातळ करायची, थोडं मेण घालायचं आणि सगळं एकत्र करायचं. आजही जे लोक उठावकाम करतात त्यांच्या मिश्रणात हेच तीन भाग असतात, फक्त विटेच्या जागी प्लास्टर किंवा दुसरी कुठली भुकटी आणि मेणाच्या जागी तेल किंवा चरबी. प्रत्येकाचं काम वेगळं. नुसती राळ थंड झाली की काचेसारखी तडकते, भुकटीने तिला अंग येतं, मेणाने लवचिकपणा येतो. थंडीत मेण वाढवायचं, उन्हाळ्यात कमी करायचं. हातोडीचा ठोका बसला की पत्र्याखालची राळ तेवढ्याच जागी दबते आणि आजूबाजूला पत्र्याला आधार देते, म्हणून उठाव हवा तिथेच येतो, बाकीचा पत्रा लोळत नाही. व्हाईसमध्ये, म्हणजे आवळून धरणाऱ्या जबड्यात, धरलेला पत्रा हे करूच शकत नाही, तो फक्त कडेला धरलेला असतो आणि मधे अधांतरी. मग अर्धगोल लोखंडी वाडगा आला, त्यात राळ भरून तो कड्यावर ठेवायचा म्हणजे हवा तसा कलता करता येतो आणि काम फिरवायला मनगट मोडावं लागत नाही. सुटकेसाठी जरा उब द्यायची, पत्रा उचलायचा, आणि मागचा चिकटपणा तेलाने किंवा टर्पेंटाइनने पुसायचा.

खडे बसवणाऱ्यांनी मात्र लाख जवळ केली. लाखेचा किडा झाडाच्या फांदीवर जो राळेसारखा पदार्थ सोडतो त्यापासून ती होते, साधारण ७५ अंशांच्या पुढे मऊ पडते, गार झाली की दगडासारखी घट्ट, आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडी दांड्याच्या टोकाला लाखेचा गोळा, त्यात अंगठी किंवा कानातलं रुतवायचं, दांडा मुठीत धरायचा की बारीक वस्तूला एकदम मोठी मूठ मिळते. खडे कापणारे पण हेच करतात, खडा काडीच्या टोकाला चिकटवून. तोटा एकच पण मोठा, लाख गरम करावी लागते. ओपल, मोती, पाचू यांना उष्णता चालत नाही, त्यामुळे असा खडा आधीच बसलेला असेल तर लाखेजवळ जायचं म्हणजे जीव मुठीत.

बेंच स्वतः पण एक पकडच आहे हे आपण विसरतो. एतिएन द्लॉन या फ्रेंच नक्षीकाराने १५७६ मध्ये सोनाराच्या कारखान्याची दोन चित्रं कोरली, आणि अठराव्या शतकात दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशातल्या पानभर चित्रांत तर दागिने घडवणाऱ्यांचं मेज अगदी नीट दाखवलंय: प्रत्येक माणसासाठी आत कापलेला अर्धगोल, आणि खाली टांगलेलं चामडं, पडलेला कीस आणि निसटलेला खडा झेलायला. बेंचच्या कडेला पुढे आलेली लाकडाची जीभ, म्हणजे बेंच पिन, दिसायला कायच नाही, पण बोट, दागिना आणि लाकूड असे तीन टेकू एकत्र आले की कानस हलत नाही. प्रत्येकजण तिला आपल्या कामाप्रमाणे खाचा पाडतो आणि दुसऱ्याची जीभ कधीच हाताला बसत नाही, हे बेंचवर काम केलेला कुणीही सांगेल.

स्क्रूची कथा वेगळी. न्युरेंबर्गच्या १५०५ च्या एका सचित्र हस्तलिखितात स्क्रूने आवळायचा व्हाईस असलेलं सुताराचं बेंच दिसतं, पण बारीक धातूचे स्क्रू त्या काळी हाताने कानसत बसावे लागत, त्यामुळे ते मिळणं सोपं नव्हतं. १८०० च्या आसपास हेन्री मॉड्स्ले या इंग्रज यंत्रकारासारख्यांनी लेथवर अचूक आटे पाडायला सुरुवात केली आणि मग छोटे हातव्हाईस, पिनव्हाईस हळूहळू सगळ्यांच्या हातात आले. तरी अंगठी धरायला सोनाराने पसंत केली ती पाचरच: लाकडाचे दोन तुकडे, मधे कडी, तोंडाला चामडं, मागून पाचर ठोकली की पुढचं तोंड आवळतं, आणि पाचरीला बाजूने एक टिचकी मारली की सुटलं. स्क्रू उलगडत बसायला नको. शिवाय लाकूड आणि चामडं थोडं दबतं, म्हणून सोन्यावर वळ उठत नाही. हातात धरायच्या पकडीच्या, म्हणजे प्लायरच्या बाबतीत १८९० मध्ये अमेरिकेत बर्नार्ड यांच्या पकडीचं पेटंट झालं, तिची दोन्ही तोंडं समांतर राहून मिटतात. साध्या पकडीची तोंडं कात्रीसारखी मिटतात म्हणून जाड वस्तू पुढे सरकून निसटते, ही सरकू देत नाही.

आगीपाशी यातलं काहीच चालत नाही, राळ पेटेल, लाख वितळेल, बोटं तर विचारूच नका. तिथे लोखंडाची मऊ तार गुंडाळायची जुनी रीत आहे, लोखंडावर ऑक्साइडचा थर येतो म्हणून झाळणी सहसा तिला चिकटत नाही. फक्त ती तार काढल्याशिवाय दागिना साफ करायच्या आम्लात टाकायचा नाही, नाहीतर द्रावणातलं तांबं चांदीवर चढून ती लालसर होते. बाकी कोळशाचा ठोकळा, उलट्या तोंडाचा (दाबला की उघडणारा) चिमटा स्टँडवर लावलेला तिसरा हात, आणि फारच गुंतागुंत असेल तर प्लास्टरमध्ये रोवणं.

विसाव्या शतकात विजेवर फिरणारी लवचिक दांड्याची मोटर आली आणि धरण्याचा प्रश्न एकदम धोक्याचा झाला. धनुष्याचं गिरमिट अडकलं तर थांबायचं, मोटर थांबत नाही, ती दागिनाच फिरवते. मी सुरुवातीला एक पातळ पेंडंट नुसत्या बोटात धरून भोक पाडत होतो, ड्रिल आरपार जाताना अडकलं आणि पत्रा पंख्यासारखा फिरून अंगठ्यात घुसला, त्याचा व्रण अजून आहे. तेव्हापासून ड्रिल म्हटलं की आधी क्लॅम्प.

याच शतकात नवीन गोंद पण आले. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला सुपरग्लू, १९४२ मध्ये कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या हाती लागला, १९५८ मध्ये बाजारात आला, आणि ॲसिटोनमध्ये सुटतो म्हणून बेंचवर चपटी वस्तू पितळी ठोकळ्यावर तात्पुरती चिकटवायला उत्तम. मग थर्मोप्लास्टिकचे दाणे, साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात मऊ होतात, दागिन्याभोवती दाबले की पाच-दहा मिनिटांत घट्ट, परत गरम केले की सुटतात, चिकट डाग राहत नाही आणि तेच दाणे पुन्हा वापरता येतात. इजिप्तचा चिखलच तो, फक्त धुवावा लागत नाही.

आणि लेसर वेल्डर (लेसरने धातू सांधणारं मशीन) आल्यावर तर गाडी परत बोटांवर आली. उष्णता मिलिमीटरभराच्या आसपासच्या ठिपक्यात आणि क्षणाच्या अंशात दिली जाते, म्हणून दागिना चक्क बोटात धरून सांधता येतो, दोन्ही हात मशीनच्या खिडकीत आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला. सांधून झालं की तीच अंगठी बाहेर काढून खडा बसवायला पुन्हा लाखेच्या दांड्यावर नाहीतर पाचरीच्या क्लॅम्पमध्ये जाते.