नासिक्य वायुप्रवाहमापन
नासिक्य वायुप्रवाहमापन : बोलताना नाकावाटे दर सेकंदाला किती हवा बाहेर पडते, हे मोजण्याची पद्धत. मोजणी नाकापाशी होत असली, तरी परीक्षा असते ती मृदुतालूची, म्हणजे टाळूच्या मागच्या मऊ भागाची. मृदुतालू वर उचलला जाऊन घशाच्या मागील भिंतीला भिडला की नाकाची वाट मिटते आणि प्, त्, स् यांसाठी लागणारा दाब तोंडात साठतो. तो खाली आला की म्, न् उच्चारता येतात. टाळू जन्मतः दुभंगलेला असल्यास, शस्त्रक्रियेनंतर आखूड राहिल्यास किंवा त्याच्या स्नायूंच्या चेता दुबळ्या झाल्यास नाकाच्या वाटेचे हे दार पुरते मिटत नाही.

अनुनासिकाची पाणिनीने केलेली व्याख्या, ‘मुखनासिकावचनोऽनुनासिकः’ (1.1.8), तोंड आणि नाक या दोन्ही वाटा एकत्र धरते. यंत्राने नोंद घेण्याचा आरंभ मात्र कोणापासून धरावा, याबद्दल एकमत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहान चेर्माक यांनी 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धात वाकवलेली तार नाकातून नेऊन मृदुतालूवर टेकवली आणि स्वरागणिक तिचे बाहेरचे टोक कसे हलते ते पाहिले. हे निरीक्षण टाळूच्या हालचालीचे होते, हवेचे नव्हे. त्यामुळे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत रोझापेली यांनी 1876 च्या सुमारास ओठ, स्वरयंत्र आणि नाक यांच्या एकाच वेळी घेतलेल्या नोंदींपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पुढे रूस्लो यांनी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवणारा कायमोग्राफ स्वनविज्ञानात (उच्चारित ध्वनींच्या अभ्यासात) रुळवला. त्या रेघांवरून हवा केव्हा सुटली ते कळे. किती सुटली, हे खात्रीने सांगता येत नसे.

प्रमाण मोजण्याची सोय फ्लाइश यांच्या न्यूमोटॅकोग्राफमुळे (1925) झाली. त्यात हवा बारीक नळ्यांच्या जुडग्यातून जाते. जुडग्याच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक प्रवाहाच्या प्रमाणात असतो. नंतर नळ्यांऐवजी तारेची जाळीही वापरात आली.

आजची पद्धत मुख्यतः वॉरेन व ड्युबॉय यांच्या 1964 मधील कामावर उभी आहे. एक बारीक नळी तोंडात ओठांमागे ठेवतात, दुसरी एका नाकपुडीत बुचासह घट्ट बसवतात आणि दुसऱ्या नाकपुडीतील हवा जाड नळीने न्यूमोटॅकोग्राफकडे नेतात. म् नंतर लगेच प् येईल असा शब्द वदवून घेतात. मराठीत ‘चंपा’ चालेल. म् साठी उघडलेले दार प् साठी क्षणार्धात मिटावे लागते आणि दुबळा टाळू नेमका तिथे उघडा पडतो. दाराचे क्षेत्रफळ = प्रवाह ÷ [k × √(2 × दाबातील फरक ÷ हवेची घनता)] असे काढतात; येथे दाबातील फरक म्हणजे दोन बारीक नळ्यांनी टिपलेल्या तोंडातील व नाकातील दाबांमधला फरक आणि k हा एक गुणक. वॉरेन यांच्या मांडणीत प् च्या वेळी 5 चौ. मिमी. पेक्षा कमी उघडीप पुरेशी मिटलेली, तर 20 चौ. मिमी. पेक्षा जास्त उघडीप अपुरी समजतात. मधला पट्टा सीमेवरचा.

वाद आहे तो k या गुणकाचा. 0.65 हे रूढ मूल्य प्रतिकृतींवरील प्रयोगांतून आले. धारदार कडेच्या छिद्राला ते शोभते. पण टाळूमागचे दार गोलसर कडांचे असेल, तर k 1 च्या जवळ जातो. समजा, दाबातील फरक पाण्याच्या 4 सेंमी. उंचीइतका आणि प्रवाह सेकंदाला 100 मिली. आहे. k 0.65 धरल्यास उत्तर सुमारे 5.5 चौ. मिमी. येते, 1 धरल्यास सुमारे 3.6. व्यक्ती तीच, श्वास तोच. एका हिशेबात ती सीमेवर, दुसऱ्यात पुरेशी. म्हणून एकाच गुणकाने काढलेले उपचाराआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहणे, सुट्या आकड्यावर निर्णय घेण्यापेक्षा भरवशाचे ठरते.

प्रवाह म्हणजे अनुनासिकता नव्हे, हे ठासून सांगायला हवे. नाक चोंदलेले असेल तर दार उघडे असूनही प्रवाह थोडाच भरतो. ‘प्रवाह कमी, म्हणजे टाळू ठीक’ हा निष्कर्ष तपासल्या जाणाऱ्या मुलाला घातक ठरू शकतो. स्वरांचेही तसेच. ई उच्चारताना जीभ उंच असल्याने तोंडातील वाट अरुंद होते, म्हणून दाराची तेवढीच फट असली तरी आ पेक्षा ई च्या वेळी हवा नाकाकडे अधिक वळते. नळीऐवजी मुखवट्याने हवा गोळा केली आणि तो चेहऱ्याला नीट चिकटला नाही, तर हवा कडेने निसटते आणि आकडा खोटा पडतो.

टाळूची प्रत्यक्ष हालचाल टिपण्यासाठी 1970 च्या सुमारास दंतवक्रतोपचारातील साधने कामी आली. दाढेला बसवलेल्या धातूच्या पट्टीपासून मागे नेलेली स्प्रिंगदार तार मृदुतालूला टेके आणि तिचा बाक ताणमापक पट्टी विद्युत् संकेतात बदले. अशी तार आधी ठरावीक अंतराने वाकवून तपासावी लागते. ती कडक असेल, तर टाळूलाच अडवील.

नेझोमीटर हे वेगळे साधन. नाक आणि तोंड यांमधील आडव्या पट्टीच्या वर व खाली मायक्रोफोन असतात. नाकातील ध्वनीचा एकूण ध्वनीतील शेकडा वाटा, म्हणजे नेझॅलन्स, ते दाखवते. ते आवाज मोजते, हवा नाही.