ताठरलेल्या पायांसाठी पाठीवरची वीज

खुर्चीतून उठायला जावं तर दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटून बसतात, पाऊल टेकवावं तर टाच आपोआप थडथडायला लागते. मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेल्या अनेकांचं हे रोजचं दुखणं आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरणच नष्ट करते.

ताणलेला स्नायू लगेच आकसतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूतच घडते. गुडघ्याखाली हातोडी मारून डॉक्टर तीच तपासतात. एरवी मेंदूकडून येणारे संदेश तिला लगाम घालतात. मायलिन गेलं की हा लगाम सुटतो आणि पाय जितक्या झटक्यात हलवावा तितका तो ताठरतो. ही झाली स्पास्टिसिटी. बॅक्लोफेनच्या गोळ्यांनी ताठरपणा उतरतो, पण गुंगी आणि अशक्तपणाही येऊ शकतो. शिवाय काहीजण त्या ताठरपणाच्याच आधारावर उभे राहत असतात, हे विसरून चालत नाही.

1973 साली न्यूयॉर्कमध्ये कुक आणि वाइनस्टाइन यांनी मज्जारज्जूजवळ इलेक्ट्रोड बसवल्यावर अशा रुग्णांची हालचाल सुधारल्याचं नोंदवलं. पण त्यासाठी शस्त्रक्रिया लागे, आणि पुढे सगळीकडे सारखे निकाल आले नाहीत.

व्हिएन्नात संशोधक उर्सुला हॉफस्टोएटर आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोड थेट त्वचेवर लावले: काही पाठीवर, छातीच्या 11व्या-12व्या मणक्यांपाशी, आणि मोठे पोटावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना. पायांसाठी इतक्या वर का? कारण मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो आणि पायांचा कारभार पाहणारा त्याचा भाग त्याच्याही वर असतो. इथली वीज स्नायूला हलवत नाही, पायांत नुसत्या मुंग्या येतात. मज्जारज्जूत शिरणारे जाड संवेदी तंतू तिने जागे होतात आणि तिथल्या आवर घालणाऱ्या पेशींना कामाला लावतात. त्या पेशी शाबूत असतात, त्यांना हुकूम पोचत नसतो एवढंच. मला या उपचाराचं मर्म इथेच दिसतं.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 16 जणांना 50 हर्ट्झची उत्तेजना अर्धा तास दिली. ताठरपणा कमी झाला, चालणं सुधारलं. परिणाम दोन तासांनंतरही टिकून होता. दुसऱ्या दिवशी चालणं मात्र पुन्हा पहिल्यासारखं झालं, स्नायूंचा ताठरपणा तपासणीत तेव्हाही कमीच होता. 16 माणसांवरून कुणालाही बरं होण्याचं आश्वासन देता येणार नाही. तरी फिजिओथेरपीच्या आधी पाय दोन तास मोकळे मिळाले, तर त्या वेळात खूप व्यायाम करून घेता येईल. बाजारातलं यंत्र आणून घरी प्रयोग मात्र करू नये, पेसमेकर असेल तर मुळीच नाही.