बारगीर ते बर्गी: एका लष्करी शब्दाची पार्श्वभूमी

निवडणुकांचे निकाल लागले की मराठी वृत्तपत्रांत जुन्या घोडदळाची परिभाषा जागी होते. एखाद्या पक्षाचा 'विजयाचा वारू' चौखूर उधळतो किंवा कोणीतरी तो रोखतो, नेत्याभोवतीचे विश्वासू सहकारी 'बिनीचे शिलेदार' ठरतात आणि पैशासाठी बाजू बदलणाऱ्याची 'भाडोत्री तट्टू' अशी संभावना होते. या शब्दांमागे सतराव्या आणि अठराव्या शतकांतील प्रत्यक्ष लष्करी व्यवस्था उभी आहे. त्या व्यवस्थेचा कणा असलेला बारगीर मात्र आजच्या बोलण्यालिहिण्यात जवळजवळ उरलेला नाही. तो उरला आहे बंगालीत, 'बर्गी' या रूपात, आणि तेथे त्याचा अर्थ लुटारू असा आहे. हा अर्थ ज्या स्वाऱ्यांमुळे पक्का झाला त्या नागपूरकर भोसल्यांच्या होत्या. म्हणून या शब्दाची पार्श्वभूमी निदान नागपूरकरांनी तरी नीट जाणून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

फारसीत 'बार' म्हणजे ओझे आणि 'गीर' म्हणजे घेणारा किंवा धरणारा. आपल्या 'बारदाना'तला बार तोच आणि जहाँगीर, आलमगीर या बादशाही नावांतला गीरही तोच. त्यामुळे बारगीर हा मुळात माणूस नसून ओझे वाहणारे जनावर, विशेषतः घोडा होता. तुर्की भाषेने हा अर्थ अजून सोडलेला नाही. तेथे साध्या, कामाच्या घोड्याला 'बेयगिर' म्हणतात आणि इंजिनाच्या अश्वशक्तीसाठीही हाच शब्द वापरतात. हिंदुस्थानातील फौजांत मात्र हे नाव घोड्यावरून त्याच्या पाठीवरच्या माणसाकडे आले. ज्याच्यापाशी स्वतःचा घोडा नाही आणि जो सरकारने किंवा सरदाराने दिलेल्या घोड्यावर बसून चाकरी करतो, तो बारगीर. त्याच्या उलट बाजूस शिलेदार. तोही फारसीतूनच आला. 'सिलाह' म्हणजे हत्यार आणि ते बाळगणारा तो सिलाहदार. घोडा त्याचा, हत्यारे त्याची आणि त्यांच्या नफ्यातोट्याची जोखीमही त्याचीच. राऊत हा शब्द या दोहोंहून जुना असून तो 'राजपुत्रा'पासून आला आहे. घोडेस्वार हा त्याचा अर्थ मराठीत दीर्घकाळ टिकला आणि विदर्भात तो आज आडनाव म्हणून घरोघरी आढळतो.

शिवाजी महाराजांच्या लष्करात बारगीर आणि शिलेदार यांच्यातील फरकाला राजकीय वजन होते. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत पागेची, म्हणजे सरकारी घोड्यांवरील घोडदळाची, रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी अशी ती चढती उतरंड होती. दर २५ घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद दिलेला असे. घोडा हा राज्याचा ठेवा आहे आणि त्याच्या खुरापर्यंतची काळजी राज्याने घ्यायची आहे, हा विचार या एका तपशिलातून स्पष्ट दिसतो. सभासद पुढे जे सांगतात ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले, जेणेकरून कोणालाही बंड करण्यास वाव राहू नये. ज्याचा घोडा स्वतःचा आहे तो धन्याला सोडून जाऊ शकतो, हे ओळखून ही रचना केलेली होती. शिवाय लढाईत घोडा पडला तर शिलेदाराचे भांडवलच बुडे, तेव्हा आणीबाणीच्या क्षणी त्याचा हात किंचित आखडला तर त्यात नवल नव्हते. बारगिराला ही चिंता नव्हती. आजच्या वापरात शिलेदार हा निष्ठेचा मानदंड झाला आहे, पण शिवकालीन राज्याने निष्ठेची भिस्त प्रामुख्याने बारगिरावर ठेवली होती.

या पागेला शिस्त किती कडक होती, हे चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणी करून राहिलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रातून कळते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण आत्ताच उधळून टाकाल तर पुढे घोडी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी आणू लागाल आणि त्याला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल, असा त्या पत्राचा आशय आहे. घोड्याच्या वैरणीपासून निघालेला विचार शेतकऱ्याच्या घरापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहण्यासाठी ते मुळातून वाचावे. बंगालच्या स्वाऱ्यांचा वृत्तान्त वाचताना तर ते पत्र हाताशी असलेच पाहिजे.

'बर्गी' हे रूप बंगालमध्ये जन्मले असा सर्वसाधारण समज आहे, परंतु ते त्याहून जुने आणि दख्खनचे आहे. विजापूरच्या आदिलशाही चाकरीत असलेल्या मराठी हलक्या घोडदळाला फारसी इतिहासकार सोळाव्या शतकातील प्रसंगांच्या वर्णनात 'बर्गी' म्हणतात. अहमदनगरच्या निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याने मोगलांविरुद्ध मराठी स्वारांच्या बळावर जी लढाईची रीत वापरली तिला 'बर्गीगिरी' हे नाव मिळाले. समोरासमोर न भिडता रसद तोडणे, पिछाडीवर छापे घालणे, शत्रूला अडचणीच्या मुलखात ओढणे आणि मोठी फौज चालून आली की पांगून जाणे, अशी ती रीत होती. म्हणजे घोड्याकडून स्वाराकडे आलेला हा शब्द आता युद्धपद्धतीचे नाव झाला होता. मोगलांच्या दरबारी लिखाणात तेव्हाच त्याला तिरस्काराची छटा आलेली दिसते.

या पार्श्वभूमीवर नागपूरकर भोसले पुढे आले. देवगडच्या गोंड घराण्यातील बख्त बुलंद शाह यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले आणि त्यांच्यामागून चांद सुलतान यांनी ते राजधानीचे ठिकाण केले. चांद सुलतान यांच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा उभा राहिला, तेव्हा राणी रतनकुंवर यांनी वऱ्हाडातून रघूजी भोसले यांना मदतीस बोलावले. अशा रीतीने सातारकर शाहू महाराजांचा 'सेनासाहेब सुभा' हा किताब असलेले रघूजी नागपुरात आले आणि येथलेच झाले. त्याच सुमारास, १७४० मध्ये, अलिवर्दी खान याने सरफराज खानाला गिरियाच्या लढाईत ठार करून बंगालची नबाबी बळकावली आणि पुढे ओरिसाच्या कारभाऱ्यालाही हुसकावून लावले. या पराभूत पक्षातील मीर हबीब याने रघूजींशी संधान बांधले. चौथाईचा, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्श्याचा, हक्क हे कारण होतेच, त्याला आता आतल्या माणसाची साथ मिळाली.

१७४२ च्या आरंभी रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. एप्रिलमध्ये बर्दवानजवळ त्यांनी अलिवर्दीच्या सैन्याला घेरून त्याची रसद तोडली. मे महिन्यात मराठी स्वार थेट नबाबाची राजधानी मुर्शिदाबादच्या दारात पोहोचले आणि जगतशेठांची पेढी लुटली गेली. पावसाळ्यात माघारी न फिरता त्यांनी काटवा येथे ठाणे दिले, गंगेच्या पश्चिमेकडील बराच मुलूख ताब्यात घेतला आणि वसुली सुरू केली. भास्करपंतांनी तेथे दुर्गापूजेचा मोठा उत्सव मांडला होता. तो चालू असतानाच सप्टेंबरच्या अखेरीस अलिवर्दीने नदी ओलांडून छापा घातला आणि त्यांना हुसकावले. पुढच्या वर्षी रघूजी स्वतः आले, तेव्हा पेशवे बाळाजी बाजीराव नबाबाच्या बाजूने त्याच प्रांतात उतरले. दोन मराठी सरदारांची ही चुरस अखेर शाहू महाराजांना मिटवावी लागली आणि बंगालचा प्रांत रघूजींच्या वाट्याला आला. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे वाटाघाटीच्या तंबूत भास्करराम आणि त्यांच्यासोबतचे सरदार दगाबाजीने मारले गेले. छावणीत मागे राहिलेले रघूजी गायकवाड उरलेली फौज घेऊन निसटले. त्यानंतरच्या स्वाऱ्यांना सूडाची धार आली. १७५१ च्या तहाने अलिवर्दीने ओरिसाचा महसूल सोडला आणि दरसाल १२ लाख रुपये चौथाई देण्याचे कबूल केले, तेव्हा हे प्रकरण थांबले.

बंगालने हा सारा काळ 'बर्गीर हांगामा' या नावाने लक्षात ठेवला. गंगाराम या कवीने त्याच सुमारास बंगालीत रचलेल्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात पळून जाणाऱ्या गावांचे वर्णन आहे. ब्राह्मण पोथ्या घेऊन निघाले आहेत, सोनार तराजू घेऊन निघाले आहेत आणि पाठोपाठ स्वार येऊन गावे जाळत आहेत, स्त्रियांवर अत्याचार करत आहेत. विणकरांचे आणि रेशमाचे धंदे बसले, माणसे नदीपलीकडे पूर्वेस गेली. कलकत्त्याच्या रहिवाशांनी भीतीपोटी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल झाल्यावर काम थांबले, कारण बर्गी तेथवर आलेच नाहीत. 'मराठा डिच' नावाच्या त्या खंदकाचा मोठा भाग पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आणि सर्वांत दीर्घायुषी ठरले ते एक अंगाईगीत. बाळ झोपले, आळी शांत झाली, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्ले, आता शेतसारा कशाने भरायचा, असा त्याचा भाव आहे. फौजेचा हल्ला आणि करवसुली ही दोन्ही भये एका ओळीत गुंफणारी ती आई कोण होती कोणास ठाऊक, पण चौथाई म्हणजे काय हे तिला पुरते कळले होते.

या नावात एक अन्याय दडलेला आहे आणि तो सांगितला पाहिजे. बंगालात उतरलेल्या फौजेत बारगीर होते, तसे शिलेदारही होते, आणि मीर हबीबने जमवलेले स्थानिक लोकही होते. मोहीम कोठे काढायची आणि खंडणी किती घ्यायची, हे ठरवणाऱ्यांत बारगीर कधीच नव्हता. घोडा दुसऱ्याचा आणि हुकूमही दुसऱ्याचा, तरीही सर्वांचा दोष ज्या नावावर जमा झाला ते नाव त्याचे. मात्र एवढ्यावरून गावे जाळणाऱ्या हातांची जबाबदारी कमी होत नाही. हलवर्णच्या पत्रात ज्या कुणब्याची काळजी वाहिलेली आहे, तसाच कुणबी बर्दवानकडेही नांगर धरत होता.

नागपुरात याच स्वाऱ्यांची आठवण अगदी वेगळ्या रूपात जपली गेली. पितृपक्षाला विदर्भात हाडपक म्हणतात आणि त्या काळात नागपुरात हाडपक्या गणपती बसतो. त्याला मस्कऱ्या गणपती असेही नाव आहे. भोसले घराण्यातील परंपरा अशी सांगतात की, बंगालची स्वारी जिंकून परतेपर्यंत घरच्या गणपतीचे विसर्जन होऊन गेले होते, म्हणून विजयाच्या आनंदात हा गणपती नव्याने मांडला गेला आणि लावणी, गंमत, नकला असे करमणुकीचे कार्यक्रम झाले. महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यात आणि शहरात इतरत्र तो आजही बसतो. ज्या मोहिमांतून तिकडे अंगाई निघाली, त्यांतूनच इकडे उत्सव निघाला. उत्सव जरूर व्हावा, पण त्याची कथा सांगताना दुसरी बाजूही सांगितली जावी, अशी माझी तळमळ आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. ओरिसा १८०३ च्या देवगावच्या तहाने इंग्रजांकडे गेला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरची फौज हरली आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. पागा मोडल्या, तसा बारगिराचा व्यवसायही मोडला. मात्र इंग्रजांच्या हिंदी घोडदळात शिलेदारी पद्धत चालू राहिली. त्या पलटणींत स्वार आपला घोडा स्वतः आणी आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्याला बारगीरच म्हणत. पहिल्या महायुद्धात घोडे आणि सामान यांची इतकी हानी झाली की स्वाराने ती भरून काढणे अशक्य ठरले आणि युद्धानंतर ही पद्धत बंद करण्यात आली.

मराठीने या शब्दांची जी वाटणी केली आहे, ती मालकीवर बेतलेली दिसते. ज्याच्याकडे घोडा होता तो शिलेदार अलंकारिक अर्थाने चढत गेला आणि आज रंगभूमीचे, सहकाराचे, पक्षाचे शिलेदार असतात. वारू हा तर कवितेचा आणि अश्वमेधाचा घोडा असल्याने त्याला जिंकण्यावाचून दुसरे कामच नाही. तट्टूचे नशीब दुहेरी निघाले. भाड्याचे असेल तर ती शिवी होते. पण भीमा नदीकाठची चिवट, ठेंगणी तट्टे मराठी स्वारांना पाठीवर घेऊन उत्तरेत गेली. २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतात भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजण्याची हाक आहे आणि ते लिहिणारे राजा बढे मूळचे नागपूरचे. बारगिराला मराठीत असा एकही लाक्षणिक अर्थ मिळाला नाही. बंगालीत मात्र तो मिळाला आणि टिकलाही. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत बाहेरून प्रचाराला आलेल्या नेत्यांना तेथे 'बर्गी' म्हटले गेले आणि कोणालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.