शोभिवंत सेरिफ टंक

मथळे, पाट्या, वेष्टने, मुखपृष्ठे यांवर मोठ्या आकारात वापरण्यासाठी घडवलेले अक्षरवळण (फॉन्ट). रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाशी जी छोटी रेघ असते ती सेरिफ. पुस्तकी टंकात ती बेताची असते. शोभिवंत टंकात ती केसाएवढी बारीक होते किंवा वळून थेंबाचा आकार घेते, आणि शेजारचा दांडा मात्र भरघोस जाड होतो. या वळणाचा सगळा डौल जाड-बारीक रेघांच्या या फरकात आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील पार्मा येथील मुद्रक जांबातिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) आणि पॅरिसचे दिदो हे मुद्रकांचे घराणे यांनी हा फरक वाढवत नेला. पुढच्या शतकाच्या आरंभी लंडनच्या, छपाईची अक्षरे ओतणाऱ्या ओतशाळांनी जाहिरातींसाठी अक्षरे आणखी फुगवली. त्यांना ‘फॅट फेस’ म्हणू लागले. छपाईचे मोठे खिळे (अक्षरांचे ठसे) शिशाचे केले तर फार जड होत, म्हणून ते लाकडाचे झाले. डेरियस वेल्सने न्यूयॉर्कमध्ये त्यांची नमुनापुस्तिका १८२८ साली काढली.

देवनागरीला सेरिफ नाही. तिचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरप्या कापातून येतो आणि त्याचा कलही उलटा: डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ रोमनमध्ये जाड, देवनागरीत बारीक. म्हणून ‘क’च्या शेपटाला रोमन सेरिफ चिकटवले की अक्षर परके दिसते. इंडियन टाइप फाउंड्री या टंक बनवणाऱ्या कंपनीच्या ‘रोझा वन’ (२०१४) या टंकात दोन्ही लिप्या एकत्र असून जाड-बारीक फरक कमालीचा ठेवला आहे.

मराठी टंकाची खरी परीक्षा गावा-पेठांच्या नावांत होते. नागपुरातले ‘सीताबर्डी’ घ्या. शेवटच्या अक्षरात रफार वेलांटीच्याच डोक्यावर बसतो. जाड वळणात या दोघांचे जोडचिन्ह वेगळे काढलेले नसेल, तर तिथे नुसता काळा डाग उरतो. ‘दीक्षाभूमी’ दोन ओळींच्या मथळ्यात वर आले, तर ‘भू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या मात्रांवर आदळतो. रोमनच्या मापाने ओळी जवळ आणण्याची सवय इथे सोडावीच लागते.

संत्रा बर्फीच्या डब्याचे झाकण या टंकाला शोभते: शब्द एक-दोन, अंतर हातभर, आणि चांगल्या छपाईत बारीक रेघही टिकते. रस्त्यावरच्या पाटीचे तसे नाही. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात, चालत्या गाडीवरून पाहताना केसाएवढ्या रेघा विरतात आणि सुटे दांडेच दिसतात. मागून दिवा असलेल्या फलकावर उजेड त्या रेघांना गिळतो. अशा ठिकाणी बारीक रेघ थोडी जाड केलेले वळण निवडावे. लग्नपत्रिकेत वधू-वरांची नावे या टंकात खुलतात, पण मुहूर्त, मंगल कार्यालयाचा पत्ता आणि फोन क्रमांक साध्या पुस्तकी टंकातच लावावेत. आजी-आजोबांना ते चष्म्याशिवायही वाचता यायला हवेत.