जमालगोटा आणि पेशीच्या आवरणातली चरबी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे डोक्यात चाई पडली की अजूनही कुणीतरी सांगतंच, "जमालगोट्याची बी सहाणेवर उगाळून लाव, केस येतील." लावल्यावर आग होते, कातडी लाल होते, कधी टरटरून फोड येतात, आणि औषध लागू पडलं असं सगळे म्हणतात. चाईतले केस पुष्कळांचे आपोआपच परत येतात; श्रेय फुकटात बीला. मात्र ही बी कातडीत जे करते ते खरोखर विलक्षण आहे.

पेशीचं आवरण म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर, जेमतेम 5 नॅनोमीटर जाड, हे शाळेत झालंय. त्यातले काही रेणू निरोप्याचं काम करतात, ते सहसा राहून जातं.

कातडीच्या तळच्या पेशी विभागतात, वर सरकतात, मरतात आणि महिन्याभरात गळून पडतात. विभागण्याचा एक हुकूम ईजीएफ नावाचं प्रथिन आणतं. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या पिलांना लाळग्रंथींचा अर्क टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. त्यातून ईजीएफ सापडलं आणि 1986 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. हे प्रथिन पेशीच्या ग्राहीला (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटलं की आतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आवरणातल्या पीआयपी-2 या चरबीच्या रेणूचे दोन तुकडे करतं. आयपी-3 हा तुकडा आत जाऊन साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतो. डॅग हा दुसरा तुकडा चरबीतच राहतो आणि प्रोटीन कायनेज सी, म्हणजे पीकेसी, या विकराला आवरणाशी खेचून कामाला लावतो. मग वाढीची जनुकं जागी होतात.

डॅगची गंमत अशी की काम होताच पेशी त्याची विल्हेवाट लावते. जमालगोट्याच्या तेलातले फोरबॉल एस्टर नावाचे रेणू नेमके डॅगच्या जागी बसतात, पण पेशीला ते सहजी मोडता येत नाहीत. दारावरच्या घंटेचं बटण आत अडकून बसावं, तसं पीकेसी चालूच राहतं. जपानातल्या कोबेच्या यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने हे 1982 मध्ये दाखवलं. त्याआधी चाळीसेक वर्षं एक गोष्ट माहीत होती: उंदराच्या कातडीवर कर्ककारक रसायन किंचित लावून मग हे तेल पुन्हा पुन्हा चोळलं, तर गाठी येतात.

प्रकरण इतकं सरळही नाही. पीकेसीचे बरेच प्रकार आहेत. काही पेशीला विभागायला लावतात, काही विभागणी थांबवून पक्व करतात. शिवाय पीआयपी-2 न तोडता त्याला तिसऱ्या जागी फॉस्फेट जोडलं की पीआयपी-3 होतो, तो वाढीला जोर देणाऱ्या एकेटी या विकराला बोलावतो, आणि पीटेन हे दुसरं विकर तोच फॉस्फेट काढून वाढीला लगाम घालतं. 'पेशींना पोषण' देणारी सेरामाइड या चरबीची क्रीमं या भानगडीत पडत नाहीत. ती वरच्या मेलेल्या थरातल्या फटी बुजवतात. थंडीत तेवढंही पुरे.

जमालगोट्याच्याच कुळातल्या एका दुधी तणातून काढलेलं इंजेनॉल मेब्युटेट हे औषध पीकेसीलाच चेतवतं. उन्हाने खडबडीत झालेल्या कातडीच्या चट्ट्यांवर 2012 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. 2020 मध्ये युरोपात ते बंद झालं, कारण ते लावलेल्यांमध्ये कातडीच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसू लागलं होतं.