ओठ पुढे, आवाज मागे

व्हिडिओ फाइलचे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रूपांतर केल्यावर बोलणाऱ्याचे ओठ आणि त्याचे शब्द यांचा मेळ तुटल्याचे अनेकदा आढळते. अशा वेळी आवाज थोडा मागेपुढे सरकवून पाहण्याकडे बहुतेकांचा कल असतो. परंतु बिघाड कोणत्या जातीचा आहे हे न ओळखता केलेला हा उपाय सुरुवात सुधारतो आणि शेवट बिघडवतो.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही खरे तर वेष्टनांची नावे आहेत. त्यांच्या आत चित्राचा आणि ध्वनीचा असे दोन स्वतंत्र प्रवाह असतात. एमपी४ आणि एमकेव्ही या वेष्टनांत कोणती फ्रेम, म्हणजे चलचित्रातले एकेक स्थिर चित्र, कोणत्या क्षणी दाखवायची याची नोंद असते. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या एव्हीआयमध्ये तशी नोंद नसते. सेकंदाला किती फ्रेम, एवढा एकच आकडा सुरुवातीला लिहिलेला असतो आणि पुढचा सारा हिशोब मोजणीवर चालतो. तो आकडा चुकला की सगळेच घसरते.

म्हणून रूपांतरित फाइल सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी तपासावी. टाळी किंवा आपटलेले दार असा स्पष्ट क्षण सापडला तर उत्तमच.

तिन्ही ठिकाणी अंतर सारखेच असेल तर दोष साधा आहे. एएसी पद्धतीने ध्वनी संकुचित करताना आरंभी काही रिकामे नमुने, म्हणजे ध्वनीची सूक्ष्म मापे, जोडले जातात. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या ध्वनीत असे २,११२ नमुने म्हणजे ४४ मिलिसेकंद होतात, आणि ते वगळण्याची फाइलमधली सूचना रूपांतर करणाऱ्या प्रणालीने वाचली नाही तर आवाज तेवढा मागे पडतो. हा फरक फार नाही. नदीपल्याड कपडे आपटणाऱ्याचा आवाज उशिरा येतो हे आपल्या मेंदूला सवयीचे असल्यामुळे मागे राहिलेला आवाज आपण बराच खपवून घेतो, पुढे धावणारा मात्र लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो, तर उशीर लक्षात यायला सुमारे १२५ मिलिसेकंद लागतात. विंडोजवरील व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रणालीत जे आणि के या कळा दाबून आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी सरकवता येतो. ती सोय पाहण्यापुरतीच असते. कायमची दुरुस्ती एमकेव्ही फाइली बनवणाऱ्या एमकेव्हीटूलनिक्स या प्रणालीत विलंबाचा आकडा भरून, पुन्हा संकोचन न करता होते.

सुरुवात जुळते पण अंतर सारख्या गतीने वाढत जाते, तेव्हा फ्रेमच्या वेगाचा संशय घ्यावा. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरवताना रंगाचा आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत मिसळून पडद्यावर जाळी उमटू नये म्हणून ३० चा वेग २९.९७ करण्यात आला, आणि ही तडजोड आजही असंख्य कॅमेऱ्यांत टिकून आहे. २९.९७ ला ३० समजले तर तासाभरात सुमारे ३.६ सेकंदांचे अंतर पडते. येथे आवाज सरकवणे व्यर्थ आहे. चित्राचा खरा वेग नोंदवावा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच ध्वनी ताणावा.

सर्वांत फसवी जात तिसरी. सुरुवात आणि शेवट दोन्ही जुळतात, मधला भाग मात्र कुठे पुढे, कुठे मागे भरकटतो. मोबाइल मंद प्रकाशात प्रत्येक फ्रेमला अधिक वेळ देतो, त्यामुळे सेकंदाच्या फ्रेम कमी होतात. उजेडात त्या पुन्हा वाढतात. संगणकाच्या पडद्याचे चित्रीकरणही असेच अनियमित असते. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने या सगळ्याची सरासरी काढून एकच वेग लावला, तर एकूण लांबी बरोबर येते आणि आतले क्षण चुकतात. मीडियाइन्फो या मोफत प्रणालीत फ्रेमचा वेग बदलता असल्याची नोंद दिसली की निदान बहुधा झालेच. मग बिघडलेल्या प्रतीवर डागडुजी करण्यात अर्थ नाही, कारण फ्रेमच्या खऱ्या वेळा तिच्यात उरलेल्याच नसतात. मूळ फाइल घेऊन हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या प्रणालीत स्थिर वेगाचा पर्याय निवडावा. तेव्हा मूळ वेळा पाळून जागोजागी फ्रेमची पुनरावृत्ती होते किंवा एखादी गाळली जाते, आणि ध्वनीला हात लावावा लागत नाही. संकलन करायचे असेल तर तेही या स्थिर वेगाच्या प्रतीवरच करावे.